कर्जात झिजलेली आई

मराठी घरात ‘श्यामची आई’ हे नाव निघाले की पाठोपाठ डोळे पुसल्याच्या आठवणी निघतात. पुस्तक वाचताना कोण कोणत्या पानावर हुंदका देऊन थांबले, चित्रपट सुटल्यावर बायका कशा न बोलता घरी गेल्या, शाळेतून रांगेने नेलेली द्वाड मुलेही कशी गप्प बसली होती, हे तीन पिढ्या सांगत आल्या आहेत. त्यात काही खोटे नाही. पण आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट इतक्या वर्षांनी पुन्हा पाहताना जाणवते की डोळे भरून आल्यामुळे आपल्याला एक गोष्ट नीट दिसलीच नाही. ही बाई नुसती मायाळू आहे म्हणून तिची गोष्ट झालेली नाही. ती कर्जात झिजत गेली. पुस्तकाने ते सांगितले, चित्रपटाने ते दाखवले, आणि आपण मात्र दोन्हींतून फक्त माया उचलली.

मूळ पुस्तक तुरुंगातले. साने गुरुजी सत्याग्रहात पकडले जाऊन नाशिकच्या तुरुंगात होते. १९३३ च्या फेब्रुवारीत ९ तारखेला त्यांनी लिहायला घेतले आणि १३ तारखेच्या पहाटे हात थांबवला. काही भाग बाहेर आल्यावर लिहिला, पण बहुतेक पुस्तक त्या पाच दिवसांतले. त्यांची आई १९१७ मध्येच गेली होती. म्हणजे चौतिशीला टेकलेला एक कैदी पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या आईला रात्री बसून आठवत होता. आश्रमात प्रार्थना आटोपल्यावर श्याम, म्हणजे गुरुजीच, सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो, अशी पुस्तकाची मांडणी आहे. अशा बेचाळीस रात्री. ऐकणाऱ्याला पहिल्या रात्रीपासून ठाऊक असते की ही बाई आता नाही.

चित्रपटाला ही सवलत मिळत नाही. पडद्यावर आठवण ही आठवण राहत नाही. बाई समोर दिसते, पदर खोचते, पाणी काढते, ओरडते. जी गेलेली आहे तिला पुन्हा डोळ्यांदेखत जगताना पाहायचे आणि मग पुन्हा जाताना पाहायचे. पुस्तक वाचून आधीच रडलेले लोक चित्रपट पाहून अधिक का रडले, याचे उत्तर मला यात सापडते.

गुरुजींनी हा चित्रपट पाहिला नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. तीन वर्षे पुरी व्हायच्या आत अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला. अत्र्यांनी तो स्वतः काढला, स्वतः लिहिला आणि स्वतःच दिग्दर्शित केला. वरवर पाहता ही जोडी जुळणारी नव्हे. गुरुजी मृदू, अबोल, चटकन डोळे भरून येणारे. अत्रे सभा गाजवणारे, ‘झेंडूची फुले’मधून भल्याभल्या कवींची विडंबने करणारे, लेखणी हातात घेतली की समोरच्याची सालटी काढणारे. पण दोघांचा पिंड मास्तराचा. गुरुजींनी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवले आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांना पोटच्या पोरांसारखे सांभाळले. अत्र्यांनी पुण्याच्या कॅम्पात हेडमास्तरकी केली, विलायतेला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका आणली, मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. मुलाला काय कळते आणि किती कळते, याचा अंदाज दोघांनाही वर्गात उभे राहून आलेला होता.

या चित्रपटाच्या भोवती मास्तर मंडळी आहेत तरी किती! आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई पुण्यात अत्र्यांच्याच शाळेत काही काळ शिकवत होत्या. श्याम झालेला शाळकरी माधव वझे पुढे इंग्रजीचा प्राध्यापक आणि नाटकाचा जाणता समीक्षक झाला. हा चित्रपट मुलाशी वरच्या पट्टीत बोलत नाही आणि त्याला फसवतही नाही, त्याचे कारण मी या मंडळींमध्ये शोधतो. मुलांसाठी काहीतरी करायचे म्हणजे बोबडे बोलायचे, असा समज आपल्याकडे अजून आहे. अत्र्यांना तो नव्हता. घरात पैसा नाही, दारात सावकाराचा माणूस आहे, आई अंथरुणाला खिळली आहे, हे सगळे त्यांनी दहा वर्षांच्या प्रेक्षकापुढे सरळ मांडले.

वनमालाबाईंची निवड हे अत्र्यांचे मोठे धाडस होते. ग्वाल्हेर संस्थानातल्या सरदार घराण्यातली ही पदवीधर मुलगी. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूरांसमोर नायिका म्हणून तिला सारा हिंदुस्थान ओळखत होता. अशा बाईला कोकणातल्या खेड्यातल्या मोडत्या घरात, जुनेर नेसवून, चुलीपुढे बसवायचे. एखादी सोशिक, कायम डोळे टिपणारी नटी सहज मिळाली असती. पण वनमालाबाईंच्या मानेत ताठरपणा होता. दारिद्र्य आले तरी ती मान वाकत नाही. त्यामुळे या आईची कीव येत नाही. तिच्यापुढे आपण थोडे सावरून बसतो.

एक प्रसंग जवळून पाहू. तो मराठी माणसाला इतका पाठ आहे की आता कोणी तो नीट पाहतच नाही. श्यामची अंघोळ झाली आहे. तळवे ओले आहेत, खाली टेकवले तर माती लागेल. म्हणून तो हट्ट धरतो, तुझे लुगडे धोंड्यावर पसर, त्यावर पाय ठेवून मी उतरेन. आई पसरते. तो पाय टिपतो, उडी मारून घरात जातो. मग आई त्याला सांगते की पायांना जशी घाण लागू देत नाहीस तशी मनालाही लागू देऊ नकोस. सुविचाराच्या फळ्यावर आपण ही शिकवण इतक्या वेळा लिहिली की शिकवणीच्या आधी जे घडले ते पुसले गेले. ते लुगडे तिच्या अंगावरचे आहे. मुलाचे पाय कोरडे झाले म्हणजे तेवढा ओलावा तिच्या नेसत्या वस्त्रात आला. तिच्याकडे लुगडी काही ढिगाने नव्हती. मुलाला शब्दांनी काही सांगण्याआधी तिने आपले वस्त्र पायाखाली दिले आहे. म्हणून तिच्या शब्दाला वजन आहे. कॅमेरा दूर न जाता वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर आणि त्या पोराच्या पावलांवर राहतो आणि प्रसंग आपसूक उभा राहतो.

वसंत देसाईंनी संगीत दिलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले भरजरी पितांबराचे गाणे याच चित्रपटातले. कृष्णाच्या बोटाला धार लागली, चिंधी हवी होती, तेव्हा द्रौपदीने अंगावरचे भारी वस्त्र मागचापुढचा विचार न करता फाडले, ही लोककथा आपल्या बायका कधीपासून सांगत आल्या आहेत. गाणे इतके गाजले की चित्रपटापासून सुटून ते भजनी मंडळांत आणि गॅदरिंगांत जाऊन बसले. पण चित्रपटात ते ऐकताना धोंड्यावरचे लुगडे डोळ्यांपुढून हलत नाही. एकीकडे राणीचा पितांबर, दुसरीकडे गरिबाघरचे लुगडे. देण्याची रीत एकच.

आणि तरीही ही आई नुसती देणारी नाही. श्याम पोहायला घाबरतो, माळ्यावर लपतो, तेव्हा ती त्याला शोधून काढते आणि शिंपटीने फोडून काढते. गावातल्या पोरांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावे हे तिला सोसत नाही. लग्नात हात पुढे करून दक्षिणा घेतली म्हणून ती त्याला खडसावते. आजच्या आईबापांना तो मार पाहून अवघडल्यासारखे होईल, आणि ते योग्यच आहे. मुलाला मारू नये, हे आपण फार उशिरा आणि फार कष्टाने शिकलो. मात्र तिचा राग कशावर आहे ते पाहिले पाहिजे. भीती आणि लाचारी या दोन गोष्टी तिला घरात नको आहेत, कारण गरिबाच्या घरी नेमक्या याच दोन गोष्टी आधी शिरतात, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे.

इथे आपण कर्जाशी येऊन पोहोचतो. बेचाळिसांपैकी शेवटच्या दहा-बारा रात्री जवळजवळ सलग कर्जाच्या आहेत. कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, असे एका रात्रीचे शीर्षकच आहे. श्यामचे घराणे खोतांचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचे. मोठे घर, भाऊबंद, मान. मग भाऊबंदकी झाली आणि श्यामचे आईवडील घराबाहेर पडले. माहेरच्या आश्रयाला राहण्यापेक्षा लहानशी का होईना, स्वतःची झोपडी बरी, हा आग्रह आईचा. त्यानंतर व्याज वाढत गेले, जमीन हातची जात राहिली, घरात तेल असेल तर मीठ नसायचे. सावकाराचा वसुलीचा माणूस ओटीवर बसून वाटेल ते बोलतो आणि बोलता बोलता बायको विकण्यापर्यंत येतो, तेव्हा इतके दिवस आत बसलेली ही बाई बाहेर येऊन त्याला चालता व्हायला सांगते. साऱ्या पुस्तकात मला तिचे सर्वांत मोठे रूप तिथे दिसते. मात्र मराठी शाळांनी कळ्या न तोडण्याचा धडा घेतला, पायांचा धडा घेतला. वसुलीच्या माणसाचा धडा किती वर्गांत शिकवला गेला असेल?

१९५३ च्या चित्रपटांसाठी केंद्र सरकारने पहिल्यांदाच राष्ट्रीय पुरस्कार ठेवले. ते १९५४ मध्ये दिले गेले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच यादीत ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र होते, हे सहसा सांगत नाही. बिमल रॉय यांचा शंभू महातो जमीनदाराचे देणे फेडायला कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. श्यामचे वडील कोकणात बसल्या जागी खचत जातात. एक बंगालकडचा शेतकरी, दुसरा दापोलीकडचा खोत. एक हिशेब वाढवून दाखवणाऱ्यापुढे असहाय, दुसरा व्याजावर व्याज चढवणाऱ्यापुढे. स्वतंत्र देशाने पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी ज्या चित्रपटांना मान दिला त्यांतल्या दोघांच्या मुळाशी कर्ज होते. त्या काळच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागत नव्हते. बहुतेकांच्या घरी कुठला तरी कागद कुणाकडे तरी गहाण पडलेला होता. अत्रे ज्या पुरंदर तालुक्यातले, त्याच्या शेजारच्या सुपे गावात १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखते पेटवली होती. त्या आगीची हकिकत त्या भागातल्या लेकरांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असणार.

एवढे कौतुक केल्यावर चित्रपटाने जे दाखवले नाही तेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. खोत कर्जबाजारी झाला हे खरे, पण खोताच्या खाली कूळ होते. गुरुजींनी पुस्तक लिहिले त्याच १९३३ मध्ये, ऑक्टोबरात, अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. जमिनी पडीक ठेवून लोक उपाशी राहिले, पण संप सहा वर्षे चालला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ते जग कायद्याच्या दृष्टीने नुकतेच संपले होते. श्यामच्या पालगडच्या घरातली आई मुलाला लाचारी शिकू देत नव्हती, तेव्हा त्याच कोकणात किती तरी कुळांच्या घरांतल्या आया मुलांना खोतापुढे मान खाली घालायला शिकवत होत्या, कारण त्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांचे पुस्तक कोणी तुरुंगात बसून लिहिले नाही. श्यामच्या आईचे दुःख त्याने लहान होत नाही, पण ते एकटे नव्हते एवढे तरी ध्यानात राहावे.

मोळीवाल्या म्हातारीच्या प्रसंगात हीच अडचण आणखी टोकदार होते. महार समाजातली म्हातारी, डोक्यावरची मोळी खाली पडलेली, उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला पाठवते, उचलून दे म्हणते, आणि नंतर अंघोळ कर असेही म्हणते. आज हा प्रसंग वाचणाऱ्या मुलाला त्या अंघोळीपाशी अडखळायला होते. अडखळू द्यावे. शिक्षकाने ती ओळ झाकून पुढे जाऊ नये. कारण ज्या मुलाला अंघोळ करायला सांगितले होते तोच मुलगा मोठा होऊन १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात विठ्ठलाचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसला, १० तारखेपर्यंत बसला, आणि देऊळ खुले झाले. आईने त्याला अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडले होते. उरलेली वाट तो चालला. मोळीच्या प्रसंगात मला दिसतो तो हा अर्धा रस्ता. अत्र्यांनी तरी काय केले? ‘श्यामची आई’नंतर लगेच ‘महात्मा फुले’ काढला. कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या आईपाठोपाठ पुण्यातल्या माळ्याच्या घरातले जोतीराव. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे रौप्यपदक मिळाले. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तरच अत्र्यांना काय म्हणायचे होते ते पुरते कळते.

चित्रपट म्हणून तो कसा आहे? जुन्या बांधणीचा आहे. माणसे सभेत बोलल्यासारखी बोलतात. प्रसंगामागून प्रसंग पुस्तकाची पाने उलटावीत तसे येतात आणि मधे श्वास घ्यायला जागा नसते. दोनच वर्षांनी सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आला आणि त्यालाही तेच सुवर्णपदक मिळाले. गोष्टीचे सामान जवळजवळ सारखे: खेड्यातले खंगत चाललेले ब्राह्मण कुटुंब, आबरू जपणारी आई, लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेले दारिद्र्य, आणि मुळात लाडके पुस्तक. राय यांनी त्या कादंबरीच्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रे काढताना चित्रपट मनात धरला होता. पण राय गप्प बसतात आणि वाऱ्याला, पावसाला, आगगाडीला बोलू देतात. अत्रे गप्प बसू शकत नाहीत. त्यामुळे एक चित्रपट जगभर गेला आणि दुसरा महाराष्ट्रातच राहिला. मला याचे वाईट वाटते, पण अन्याय वाटत नाही. अत्रे कीर्तनाच्या परंपरेतून आले होते. आपल्याकडे हजार माणसांना एकत्र रडवायची आणि शहाणे करायची जी रीत शतकानुशतके चालत आली, ती त्यांनी पडद्यावर आणली. बुवा आख्यान लावतात तेव्हा निरूपण बाजूला काढून आख्यान उरत नाही.

खंत मला वेगळ्या गोष्टीची आहे. या चित्रपटाने घडवलेल्या आईचे ओझे पुढच्या पिढ्यांतल्या बायकांनी वाहिले. मूल बिघडले तर आईने संस्कार केले नाहीत, नोकरी केली तर मुलांकडे दुर्लक्ष झाले, चिडली तर श्यामची आई आठव, असे किती सासरी आणि किती पालकसभांत ऐकवले गेले! वडील या सगळ्यातून नामानिराळे. खुद्द पुस्तकात मात्र तसे नाही. श्यामचे वडील प्रेमळ आहेत, कष्टी आहेत, चुकतात, आणि बायकोच्या सल्ल्याकडे वेळीच लक्ष दिले असते तर बरे झाले असते हे त्यांनाही कळते. ती कर्ज लवकर फेडा म्हणून सांगत होती. जमिनीचा तुकडा विका, पण व्याज थांबवा, हा तिचा हिशेब त्या घरात सर्वांत अचूक होता. कोणी ऐकले नाही. ज्या बाईचा व्यवहार कोणी मानला नाही तिची माया मात्र सगळ्यांनी मखरात बसवली.

‘श्यामची आई’नंतर पुन्हा सुवर्णपदक मिळवायला मराठी चित्रपटाला पन्नास वर्षे थांबावे लागले. २००४ मध्ये ‘श्वास’ला ते मिळाले तेव्हाही मध्यभागी लहान मुलगाच होता, आणि तोही कोकणातलाच. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केला, मुद्दाम कृष्णधवल केला, आणि तुरुंगात लिहिणारे गुरुजी म्हणून ओम भूतकर यांना पडद्यावर आणले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. सत्तर वर्षांच्या अंतराने एकच नाव दोनदा पुकारले गेले. नवीन चित्रपट पाहून मुले घरी आली की त्यांना जुना दाखवावा, आणि जुना पाहून झाला की पुस्तकातली बाविसावी रात्र वाचून दाखवावी.

त्या रात्री दिवाळी आहे. भावाने भाऊबीज म्हणून पाठवलेले पैसे आईच्या हाती आले आहेत. घरात हे एवढेच पैसे तिचे स्वतःचे. तिचे लुगडे विरले आहे आणि दारात घेणेकरी आहेत. नवऱ्याच्या धोतराला ठिगळे लागली आहेत, तरी ते गाठी मारून नेसतात आणि बोलत नाहीत. सणाच्या दिवशी ती त्यांच्यापुढे कोरे धोतर ठेवते.